डावी बाजू विसरू नका: मुंबईच्या घरात शार्कुटरी बोर्ड कसा मांडावा

पहिल्यांदा शार्कुटरी बोर्ड, म्हणजे एका फळीवर टिकवलेलं मांस, चीज आणि सोबतचे पदार्थ, मांडताना बहुतेकांचं एकच चुकतं. सगळं लक्ष आणि सगळे पैसे मांस आणि चीज यांवर जातात, मग उरलेल्या जागेत द्राक्षं आणि बिस्किटं भरली जातात. पाहुणे चार घास खाऊन थांबतात, कारण सलामी खारट, चीजही खारट आणि दोन्ही तुपट.

आपल्या ताटात असं होत नाही, कारण ताटाला डावी बाजू असते. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. प्रमाणाने चिमूटभर, पण उजवीकडची भाजी आणि आमटी त्यांच्यामुळेच शेवटपर्यंत चवीने जेवली जाते. बोर्डाचंही तसंच आहे. मांस आणि चीज ही उजवी बाजू. ती दुकानातून तयार येते. तुमचा हात दिसतो तो डाव्या बाजूत, आणि ती मराठी स्वयंपाकघरात आधीच तयार असते. हा सगळा लेख त्याच एका गोष्टीभोवती आहे.

आधी हे आहे तरी काय

'शार्कुटरी' हा फ्रेंच शब्द 'मांस' आणि 'शिजवलेलं' या दोन शब्दांपासून बनला आहे. मुख्यतः डुकराचं मांस खारवून, धुरी देऊन, वाळवून किंवा शिजवून टिकवण्याची ही कला. मीठ मांसातलं पाणी ओढून घेतं, पाणी कमी झालं की जंतूंना वाढायला वाव राहत नाही, आणि वाळता वाळता चव दाट होते. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळतात, त्यामागचं तत्त्वही हेच. त्यामुळे कल्पना आपल्याला परकी नाही, फक्त प्राणी वेगळा आहे.

एक गोष्ट मात्र घरी करू नका: मांस वाळवणं. खारवलेलं मांस साधारण 12 ते 15 अंश तापमानात, नेमक्या दमटपणात, कित्येक आठवडे लटकत राहावं लागतं. मुंबईच्या खोलीत तसं हवामान थंडीतही मिळत नाही, आणि चुकलं तर विषबाधा होते. मांस विकतच आणा.

खरेदीआधी फोन करा

पाहुणे कोण, हे कळल्याशिवाय यादी करू नका. मुंबईत एकाच दिवाणखान्यात डुकराचं मांस न खाणारे, फक्त चिकन खाणारे, अंडंही न खाणारे आणि कांदा-लसूण वर्ज्य असलेले बसू शकतात. त्यात वार. मंगळवारी, गुरुवारी किंवा संकष्टीला बोलावणं असेल तर निम्मी मंडळी मांसाला हात लावणार नाहीत. श्रावणात तर हा बेत शाकाहारीच ठेवावा. सरळ विचारावं, "तुम्ही वार पाळता का? पोर्क चालतं का?" पाहुण्यांना हा प्रश्न आवडतो, कारण मग ताटासमोर बसून नकार द्यायची वेळ येत नाही.

एक जरी शाकाहारी पाहुणा असेल तर दोन बोर्ड करा. एकाच फळीवर अर्धं इकडे अर्धं तिकडे असं नको. चमचे फिरतात, सलामीची चरबी द्राक्षांना लागते आणि शाकाहारी माणूस संकोचाने नुसते काजू खात राहतो. सुऱ्याही वेगळ्या हव्यात.

कोणी गरोदर असेल तर ब्री, कॅमेम्बर यांसारखं मऊ चीज आणि नीट गरम न केलेलं थंड मांस त्यांना देऊ नका. त्यात लिस्टेरिया नावाचे जंतू असू शकतात आणि ते फ्रिजच्या थंडाव्यातही वाढतात. त्यांच्यासाठी कडक चीज, धुतलेली फळं आणि सुका मेवा यांची वेगळी बशी भरा.

किती आणायचं

नंतर जेवण असेल तर माणशी 50 ते 60 ग्रॅम मांस आणि तेवढंच चीज पुरतं. बोर्ड हेच जेवण असेल तर दोन्ही 100 ग्रॅमच्या आसपास धरा. म्हणजे जेवणाआधीच्या आठ जणांसाठी साधारण 400 ते 480 ग्रॅम मांस आणि तेवढंच चीज. यापुढे वाढवायचं ते फळं, पाव आणि वाट्यांमधलं. खर्च आटोक्यात ठेवायचा असेल तर मांसाचे प्रकार पाचावरून तीनवर आणा, पण डावी बाजू कमी करू नका.

मांस: तीन प्रकार पुरेत

मुंबईत 'कोल्ड स्टोरेज' अशी पाटी असलेली दुकानं शोधा. वांद्रे, माहीम, मालाडचं ऑर्लेम, जिथे जिथे ख्रिस्ती वस्ती जुनी आहे तिथे ती भेटतात. क्रॉफर्ड मार्केटमध्येही अशी दुकानं आहेत. पाकीट न घेता काउंटरवर समोर कापून घ्या आणि कापणाऱ्याला "पातळ, कागद घालून" असं सांगा, म्हणजे चकत्या एकमेकींना चिकटत नाहीत.

इथे एक फरक कळायला हवा. इटालियन सलामी, प्रोश्युतो, स्पॅनिश चोरिझो ही वाळवलेली मांसं आहेत. ती तशीच खातात आणि तुलनेने टिकतात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी 'चिकन सलामी' म्हणून मिळते ती वाटलेल्या मांसाची, शिजवलेली, ओलसर असते. ती वाईट नाही, पण बोर्डावर तशीच पसरली की पाणी सुटतं आणि चव मिळमिळीत लागते. तिच्या पट्ट्या कापा आणि तव्यावर तेल न घालता मंद आचेवर कडा कुरकुरीत होईपर्यंत परता. चिकन खाणाऱ्यांसाठी हा बोर्डावरचा सगळ्यात आवडता पदार्थ होतो. पाकीट फोडल्यावर ही सलामी दोन-तीन दिवसांत संपवा.

माझी निवड अशी असते: एक वाळवलेली सलामी, एक हॅम किंवा प्रोश्युतो आणि एक आपल्याकडचं काहीतरी. हे तिसरं म्हणजे गोवन चोरीस.

चोरीस माळेने विकतात. छोटे लालभडक मणी, आत पोर्क, मिरची, लसूण आणि व्हिनेगर. नाव चोरिझोच्या घराण्यातलं असलं तरी हे कच्चं मांस आहे आणि ते शिजवल्याशिवाय बोर्डावर ठेवायचं नाही. मला हे माहीमला आमच्याच मजल्यावर राहणाऱ्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळ ख्रिस्ती समाजातल्या, आँटींनी शिकवलं. दोरा आणि वरची कातडी काढायची, कढईत कपभर पाणी आणि चिरलेला कांदा घालून मंद आचेवर 20 मिनिटं ठेवायचं. पाणी आटतं, मग चोरीसची स्वतःची चरबी सुटते आणि त्यातच ते परततं. तेल अजिबात नको. गरम चोरीस खोलगट वाटीत बोर्डाच्या एका कडेला, बाजूला लहान पाव. सगळ्या थंड पदार्थांमध्ये हा एक गरम, आंबट, तिखट घास असला की बोर्ड जिवंत होतो.

जवळ्याची चटणीही ठेवावी असं मला मनापासून वाटतं. सुकवून टिकवलेलं समुद्री अन्न म्हणून तिचा इथे हक्कच आहे. मात्र ती झाकणाच्या वाटीत आणि मऊ चीजपासून लांब असावी, नाहीतर सगळ्या बोर्डाला तिचाच वास लागतो.

आता एक गंभीर बाब. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगाला कारण ठरणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. हे पदार्थ सणावारासारखे कधीमधी, थोडे खावेत. जेवणाआधीच्या बोर्डावर मी माणशी 50 ते 60 ग्रॅमच्या वर जात नाही, त्याचं हेही कारण आहे.

चीज: मऊ, मधलं, कडक

मऊ म्हणजे ब्री किंवा कॅमेम्बर. मधलं म्हणजे गौडा किंवा एममेंटल. कडक म्हणजे मुरलेलं चेडार. तीन पोत आले की पुरे. चौथं हवं असेल तर ब्लू चीज, पण ते सगळ्यांना रुचत नाही, म्हणून थोडंसं आणि स्वतःच्या वेगळ्या सुरीसह.

आता यासाठी परदेशी पाकिटावर अवलंबून राहायची गरज नाही. मुंबईतलीच द स्पॉटेड काऊ फ्रॉमाजरी ब्रीच्या धर्तीवर 'बॉम्ब्री' आणि कॅमेम्बरच्या धर्तीवर 'कॅमेम्बे' बनवते. एलेफ्थेरिया या मुंबईच्याच चीजवाल्यांच्या ब्रुनोस्टला 2021 च्या जागतिक चीज स्पर्धेत रौप्यपदक मिळालं. ब्रुनोस्ट नॉर्वेच्या पद्धतीचं, चीज केल्यावर उरलेलं पाणी तासन्‌तास आटवून केलेलं तपकिरी चीज. त्याची चव पेढ्याच्या इतकी जवळची आहे की घरातल्या आजींना मी आधी तेच देते. अमूलचा गौडाही बोर्डावर अगदी नीट शोभतो.

पारशांचं टोपली पनीर मिळालं तर आणाच. छोट्या टोपल्यांमध्ये घट्ट केलेलं, खारट पाण्यात ठेवलेलं, अतिशय नाजूक. ते त्याच दिवशी संपवायचं आणि बोर्डावर थेट न ठेवता बशीत ठेवायचं, कारण पाणी सुटतं.

शाकाहारी बोर्डासाठी चीज घेताना हिरवा ठिपका बघा. चीजसाठी दूध घट्ट करायला वापरलं जाणारं रेनेट काही ठिकाणी वासराच्या पोटातून काढतात. खऱ्या पार्मिजानो रेज्जानोत नियमानेच तसं रेनेट असतं. त्यामुळे कोणी परदेशातून आणलेला तुकडा शाकाहारी पाहुण्यासमोर ठेवू नका.

ब्रीची पांढरी साल खायची असते. हा प्रश्न येतोच, म्हणून तुम्हीच आधी सांगून टाका.

डावी बाजू

इथे वेळ द्या. चार चवी हव्यात: आंबट, गोड, तिखट आणि किंचित कडू.

आंबटासाठी व्हिनेगरमधल्या काकड्या बाजारात मिळतात, पण घरचं काम पाच मिनिटांचं आहे. कांद्याच्या पातळ चकत्या, मीठ, चिमूट साखर आणि बुडेल इतकं व्हिनेगर, रात्रभर फ्रिजमध्ये. गाजर आणि मुळ्याचंही असंच करता येतं. चैत्रात कैरीच्या पातळ फोडी मीठ लावून ठेवा, हॅमबरोबर त्या अप्रतिम लागतात.

गोडासाठी युरोपात अंजिराचा जॅम ठेवतात. आपल्याकडे मोरांबा आहे, गुळांबा आहे, लिंबाचं गोड लोणचं आहे. मुरलेल्या चेडारवर गुळांब्याचा ठिपका एकदा ठेवून बघा. खारट, मुरलेलं चीज आणि कैरी-गुळाचा आंबटगोडपणा यांची जोडी मला कुठल्याही आयात जॅमपेक्षा सरस वाटते. लिंबाचं गोड लोणचं जुनं, काळपट झालेलं असेल तर ते ब्लू चीजला द्या, त्यात तो थोडा कडूपणाही आपोआप येतो. ब्रीला मात्र नुसता मध पुरतो, कारण ती स्वतः सौम्य असते.

तिखटाला कारळ्याची किंवा जवसाची कोरडी चटणी. चमचाभर चटणी घट्ट चक्क्यात कालवली की पावावर लावायला उत्तम लेप होतो. लसणाची चटणी मी फक्त मांसाच्या बोर्डावर ठेवते, मऊ चीजची चव ती पार झाकून टाकते. मोहरी फेसून केलेला पदार्थ घरात असेल तर तोही ठेवा. हॅमला परदेशात मोहरीच लावतात, आपली फेसलेली मोहरी तेच काम जास्त झणझणीतपणे करते. तेलात बुडालेलं, मसालेदार कैरीचं लोणचं मात्र नको. त्याचं तेल बोर्डभर पसरतं आणि मेथी-हिंगापुढे बाकी काही कळत नाही.

फळं ऋतूप्रमाणे घ्या. थंडीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, पेरू, पुरंदरचं ताजं अंजीर. जानेवारीनंतर नाशिकची द्राक्षं. उन्हाळ्यात खरबूज, कारण प्रोश्युतो आणि खरबूज ही इटलीतली जुनी जोडी आहे. पावसाळ्यात नासपती. सफरचंद आणि नासपतीच्या फोडी मिठाच्या पाण्यातून काढून पुसल्या की काळ्या पडत नाहीत. द्राक्षांचे घड कात्रीने चार-पाच मण्यांचे छोटे घोस करा. आणि प्रत्येक फळ धुऊन पूर्ण कोरडं करा, ओलं फळ शेजारचं सगळं खराब करतं. सुक्या मेव्यात कोकणातले काजू, अक्रोड, बेदाणे. काजू घरीच मंद भाजून मीठ-मिरपूड लावा.

कुरकुरीत बाजू आणि मुंबईची हवा

एका जुलैमध्ये मी बिस्किटं पाहुण्यांच्या तासभर आधी मांडली. दार उघडेपर्यंत ती सादळून चामड्यासारखी झाली होती. तेव्हापासून नियम एकच: कुरकुरीत वस्तू डब्यातून थेट बोर्डावर, पाहुणे बसल्यावर. पावसाळ्यात आधी मंद तव्यावर किंवा ओव्हनमध्ये पाच मिनिटं गरम करून पूर्ण निवू द्या आणि मग डब्यात भरा. गरम असताना डबा बंद केला तर वाफेने पुन्हा मऊ पडतात.

बेकरीतला ब्रून पाव पातळ कापून भाजला की उत्तम टोस्ट होतो. सोलापूरची ज्वारीची कडक भाकरी हाताने मोडून ठेवा. ती फारशी खारट नसते, खमंग असते आणि जड चीज पेलते. साधा खाकराही चालतो, जिरं-मेथीचा नको. खारी बिस्किटं मोहात पाडतात, पण ती आधीच तुपट असतात आणि चुरा सांडतो, म्हणून मी ती टाळते.

फळी

लाकडी फळीला वार्निश नसावं. आठ जणांसाठी साधारण 45 सेंटिमीटर लांबीची फळी पुरते. नसेल तर संगमरवराचा तुकडा किंवा मोठं स्टीलचं ताट घ्या, आणि मे महिन्यात तर हेच जास्त चांगलं. ताट तासभर फ्रिजमध्ये ठेवून काढा, खाली बर्फाची परात ठेवा, वर केळीचं पान. घरातला पोळपाट गोल आणि देखणा असतो, तीन-चार जणांच्या शाकाहारी बोर्डाला छान दिसतो. ज्यावर रोज पोळ्या लाटता त्यावर मांस मात्र ठेवू नका.

मांडणी, वेळेनुसार

दोन दिवस आधी चीज आणि टिकाऊ वस्तू आणा. आदल्या रात्री कांदा व्हिनेगरमध्ये घाला, काजू भाजा. त्या दिवशी सकाळी मांस आणि फळं आणा, फळं धुऊन पंख्याखाली वाळवा. चोरीस दुपारी शिजवून फ्रिजमध्ये ठेवता येतं, वाढताना पुन्हा नीट गरम करायचं.

युरोपातले लोक चीज तासभर आधी बाहेर काढतात. मुंबईत कडक चीजला अर्धा तास आणि मऊ चीजला 15 ते 20 मिनिटं खूप झाली. मांस शेवटच्या 10 मिनिटांत.

मांडायला सुरुवात वाट्यांपासून करा. चटणी, मोरांबा, लोणच्याचा कांदा, चोरीस यांच्या वाट्या फळीवर लांब लांब ठेवा, एका कोपऱ्यात गोळा करू नका. मग चीज, प्रत्येक तुकडा त्याच्या जोडीच्या वाटीशेजारी: चेडार गुळांब्याजवळ, ब्री मधाजवळ. ब्रीला केकसारखे एक-दोन त्रिकोण कापून ठेवा, गौड्याच्या पातळ चकत्या करा, चेडारला सुरीचं टोक खुपसून ओबडधोबड तुकडे पाडा. त्यानंतर मांस. प्रोश्युतो सपाट पसरू नका, हलक्या हाताने उचलून ओढणीसारखं चुणून ठेवा. सलामीची चकती अर्धी आणि मग पुन्हा अर्धी दुमडली की उभी राहते. फूल करायचं असेल तर छोट्या पेल्याच्या काठावर चकत्या एकीवर एक अर्ध्या दुमडून लावत जा, दोन-तीन फेऱ्या झाल्या की पेला उपडा करा. एक फूल पुरे. मग फळं, त्यानंतर फटींमध्ये मेवा. पुदिन्याची किंवा तुळशीची पानं सजावटीला घालू नका, दोन्हींचा वास चीजवर बसतो. शेवटी भाकरी आणि टोस्ट.

पाहुणे आल्यावर

आपली माणसं अशा बोर्डापुढे थबकतात. कुठून सुरू करायचं कळत नाही, आणि पहिला हात घालायचा संकोच असतोच. म्हणून तीन-चार घास तयार करून ठेवा: भाकरीचा तुकडा, त्यावर चेडार, वर गुळांबा. "हे असं घ्या" म्हणत एक घास तुम्ही स्वतः खा. ज्येष्ठांना बशी भरून हातात द्या, वाकून उचलायला लावू नका. बरोबर कोकम सरबत ठेवा, त्याचा आंबटपणा चरबी कापतो.

बोर्ड एकदम पूर्ण भरू नका. अर्धा माल फ्रिजमध्ये ठेवून मधे पुन्हा भरा. मांस आणि मऊ चीज दोन तासांपेक्षा जास्त बाहेर नको, आणि खोलीत 32 अंशांच्या वर उकाडा असेल तर एकच तास. त्यानंतर बाहेर राहिलेलं मांस टाकून द्या, जीव तुटला तरी. कडक चीज बटर पेपरमध्ये गुंडाळून डब्यात ठेवलं की आठवडाभर राहतं. फ्रिजमध्ये राखून ठेवलेलं चोरीस दुसऱ्या दिवशी भातात परता, घरातले बोर्डापेक्षा त्या भाताची वाट बघतात.

लाकडी फळी पाण्यात भिजत ठेवू नका. साबणाच्या ओल्या फडक्याने पुसा, धुवा, लगेच कोरडी करा आणि उभी करून वाऱ्याला ठेवा. पावसाळ्यात आडवी ठेवलेली फळी खालून बुरसते. शेंगदाण्याचं तेल तिला लावू नका, काही आठवड्यांत खवट वास येतो. अन्नाला चालणारं मिनरल ऑइल महिन्यातून एकदा चोळा.